परबांचा कांदो

“बाई, आमच्या दादाला गप्प राहायला शिकवा.”

उभ्या नोकरीत अशी मागणी, तीही मनापासून केलेली, मी एकदाच ऐकली. बाकी सगळे उलट मागणं घेऊन यायचे. मुलगा शाळेच्या वयाचा झाला तरी आई म्हणत नाही, मुलीला बघायला येतात आणि ती नाव सांगतानाच अडखळते, वडिलांच्या अंगावरून वारं गेलं आणि वाचाच बसली. मी वाचोपचार करणारी. म्हणजे ज्यांची बोलती बंद झाली त्यांना बोलतं करणारी. आणि हा गृहस्थ, पायात चकचकीत बूट, खिशाला दोन पेनं, माझ्यापुढे बसून म्हणत होता की ह्याला एका संध्याकाळपुरतं गप्प बसवा, बाकी काही नको. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण त्याचं सगळं ऐकून घेतलं. ऐकून घ्यायचाच तर पगार मिळायचा मला.

त्याची गोष्ट सांगते, पण आधी आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला ती नुसतीच गंमत वाटेल.

ऐंशीच्या दशकात मुलुंडच्या एका धर्मादाय रुग्णालयात मी लागले तेव्हा वाचोपचार म्हणजे काय हे तिथल्या अर्ध्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. एक्स-रेची खोली आणि जिन्याखालचं अडगळीचं कोठार यांच्यामध्ये मला एक खोली मिळाली. रंगाऱ्यानं दारावर झोकात ‘वाचा विभाग’ असं रंगवलं. पहिल्याच आठवड्यात एक पेन्शनर आत आले, खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “आजचा पेपर कुठाय?” त्यांना वाटलं रुग्णालयानं वाचनालय काढलंय. मी खरं काय ते सांगितल्यावर म्हणाले, “अरेच्चा! मग आमच्या सौभाग्यवतींचं बोलणं थोडं कमी होईल का इथं?” असे नग रोज यायचे.

खात्याच्या कपाटात परदेशातून आलेला चित्रांचा एक संच होता. गुळगुळीत कागद, झकास रंग. पण चित्रं कसली? बर्फावरून ओढायची गाडी, पाव भाजायचं यंत्र, आणि एक हिरवी भाजी, जी मी स्वतः जन्मात पाहिली नव्हती. आता भांडुपच्या डोंगरावर राहणाऱ्या माणसाला ते दाखवून “हे काय?” विचारायचं आणि त्याला नाही आलं तर ‘शब्द विसरला’ असा शेरा मारायचा? मी तो संच कपाटात टाकला आणि घरून कापडी पिशवी आणायला लागले. पिशवीत कांदा, बटाटा, लसणाचा गड्डा, साबणाची वडी, किल्ली, कंगवा आणि काडेपेटी. आमचा शिपाई रोज पिशवीत डोकावून विचारायचा, “बाई, आज काय बेत?” कांद्याला कोंब फुटले की तो घरी जायचा आणि घरचा नवा कांदा नोकरीवर रुजू व्हायचा.

या पिशवीनं मला पुस्तकांपेक्षा जास्त शिकवलं. लोकांना वाटतं, पक्षाघाताचा झटका आलेला माणूस शब्द विसरतो म्हणजे पाटी कोरी होते. तसं क्वचितच होतं. शब्द आपल्या डोक्यात चाळीतल्या बिऱ्हाडांसारखे राहतात. कांदा, बटाटा, लसूण एका गॅलरीत. किल्ली, कुलूप, दार दुसऱ्या मजल्यावर. झटका आला की माणूस निघतो बरोबर कांद्याकडे, पण कडी वाजवतो शेजारच्या बटाट्याची. मी कांदा दाखवला आणि पेशंट “बटाटा” म्हणाला की घरचे तोंड पाडायचे आणि मी खूश व्हायचे. अहो, शेजारीच तर गेलाय! अर्थ शाबूत आहे, फक्त दार चुकलं. एक शिक्षिका होत्या, त्या कांद्याला “लसूण” म्हणाल्या आणि स्वतःवरच इतक्या चिडल्या की टेबलावर हात आपटून म्हणाल्या, “नाही नाही, रडवणारा, रडवणारा!” नाव सुटलं होतं, पण त्या नावामागचं सगळं हातात होतं. हाच कांदा दाखवल्यावर कुणी शांतपणे “चप्पल” म्हणालं तर मात्र मी काळजीत पडायचे. कारण तो माणूस भलत्याच इमारतीत शिरला, आणि आपण चुकलो हे त्याला कळतही नाही.

तर नाव वेगळं आणि अर्थ वेगळा, ही आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट. ती मी शिकले होते परीक्षेपुरती. नीट कळली ती रामचंद्र परब नावाच्या माणसामुळे.

परब मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीत होते. संपात गिरणी सुटली, मग भांडुपच्या एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी. उंच, टक्कल पडलेले, भरघोस मिशा. उजवा हात लुळा, उजवा पाय ओढत चालणारे. बायको आणि मुलगी दोन बाजूंनी धरून घेऊन आल्या. मी म्हटलं, “या परबकाका, बसा. कसं वाटतंय?”

ते माझ्याकडे बघून छान हसले आणि म्हणाले, “कांदो.”

मालवणीत कांद्याला कांदो म्हणतात हे मला माहीत होतं. मला वाटलं पिशवीतला दिसला असेल. म्हटलं, “नाव काय तुमचं?” “कांदो.” “राहता कुठं?” यावर त्यांनी डावा हात हलवत चांगलं लांबलचक सांगितलं, चढउतार होते, मध्ये श्वास घ्यायला थांबले, शेवटी माझं मत विचारल्यासारखे भुवया उंचावून बघत राहिले. आणि त्या सगळ्या भाषणात एकच शब्द होता. कांदो कांदो कांदो, कांदो कांदो.

काकी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “बाय, ह्यांका सगळा कळता. पण तोंडातसून कांदो सोडून दुसरा कायच येना नाय. आयतवारचा मटण होता. ह्ये कांदो कापूक बसलेले. माका हाक मारल्यानी, ‘गो, आणखी एक कांदो...’ आणि थंयच कलंडले.”

असं होतं कधीकधी. हजारांत एखाद्याच्या तोंडात एकच शब्द अडकून बसतो आणि बाकी सगळ्यांची वाट अडवतो. झटक्याच्या क्षणी ओठांवर जो शब्द असेल तोच उरतो असं पुस्तकं म्हणतात. खरंखोटं मी सांगू शकत नाही, पण परबांच्या बाबतीत तरी तसंच दिसत होतं.

घरी या कांद्यानं काय धुमाकूळ घातला होता! काठी टेकत हे वाण्याकडे जायचे काडेपेटी आणायला. म्हणायचे “कांदो.” वाणी बिचारा प्रेमानं कांदे बांधून द्यायचा. खाली कोणाला निरोप दिला, कांदे वर. शेजारीपाजारी भेटायला येताना कांदेच घेऊन यायचे, म्हणायचे, काकांना सारखी इच्छा होते वाटतं. “बाय, खाटेखाली कांद्याची रास झाली,” काकी सांगत होत्या, “भजी खाऊन खाऊन कंटाळलो आमी.” आणि सांगता सांगता हसू लागल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

पण खरं दुखणं वेगळं होतं. वस्तीत लोक म्हणू लागले की परबांना वेड लागलं. कोणी म्हणालं, बाहेरचं आहे. मुलगी सुनंदा मुलुंडच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती, तिचं लग्न जमत आलेलं. तिचा काका यशवंत, म्हणजे परबांचा धाकटा भाऊ, सरकारी कचेरीत कारकून. घरात आता त्याचा शब्द चालायचा. त्याचं म्हणणं एकच: वेडा बाप दिसला की स्थळ जाणार.

हेच ते चकचकीत बूट. दुसऱ्या खेपेला तो स्वतः बरोबर आला, हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा राहिला. मी टेबलावर पिशवी ओतली. “परबकाका, केस कशानं विंचरतात?” परबांनी कंगवा उचलला, मग स्वतःच्या टकलावरून हात फिरवला आणि “कांदो” म्हणून खेदानं मान हलवली. “दाराला काय लावतात?” किल्ली. “हात कशानं धुतात?” साबण. एकही चूक नाही. मग मी जरा अवघड केलं, कारण कांदा, बटाटा, लसूण हे तिघं सख्खे शेजारी, तिथं अर्थाची खरी पारख होते. “वड्यात कुस्करून घालतात ते नाही, चटणीत सोलून घालतात ते?” लसूण. “उपासाला चालतो तो?” बटाटा. “आणि डोळ्यांत पाणी आणतो तो कोण?”

परबांचा डावा हात कांद्याकडे निघाला. मध्येच थांबला. मग त्यांनी मान वळवली आणि बोट रोखलं थेट यशवंतावर.

“बघितलंत?” यशवंत म्हणाला, “काही म्हणजे काही कळत नाही त्याला.”

काकींनी पदर तोंडात कोंबला. सुनंदा खिडकीबाहेर बघायला लागली. परबांचे खांदे गदगदा हलत होते. मी अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, “साहेब, तुमच्या भावाला तुमच्याइतकंच कळतं. थोडं जास्तच म्हणा.” चेष्टा करायला किती अक्कल लागते, विचार करा. वेड्याचं काम नव्हे ते.

त्यानंतर मी एक प्रयोग केला. खात्यात एक कॅसेट रेकॉर्डर होता. परबांना मी निरनिराळ्या गोष्टी विचारायचे, चिडवायचे, फोटो दाखवायचे, आणि ते जे काही म्हणतील ते टेप करायचे. मग त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ती टेप काकींना ऐकवली. काकी कानाशी हात लावून ऐकायच्या आणि सांगायच्या. “ह्यो पाणी मागतत तेव्हाचो.” “ह्यो नको म्हणतानाचो, बघा कसो तुटक आसा.” “ह्यो चेडवाक हाक मारतानाचो.” म्हणजे लेकीला. तो मात्र खरंच मऊ होता, शेवटचा ओ लांबवलेला. “आणि ह्यो यशवंतावर चिडल्याचो.” सगळे बरोबर! शब्द एक, अर्थ पोतंभर. मला शब्दकोशांचा फार अभिमान, कॉलेजात असताना जाडे कोश चाळत बसायचे. त्या दिवशी टेप थांबवून मी नुसती बसून राहिले. कांद्याचा अर्थ कांदा, हे फक्त कोशात. परबांच्या घरात कांद्याचा अर्थ पाणी होता, पोरगी होती, संताप होता.

सुनंदाला मी गृहपाठ दिला: बाबा काय म्हणतात ते ऐकू नको, कसं म्हणतात ते ऐक. आणि कळल्यासारखं वाटलं की आपल्या शब्दांत म्हणून दाखव, म्हणजे त्यांना मान डोलवता येईल. पोरगी हुशार. थोड्याच दिवसांत घरातली भजी बंद झाली.

आणि मग तो यशवंत एकटाच आला. नाही, एकटा नाही. परबांना आणि सुनंदाला घेऊन आला, पण त्यांना बाकावर बसवून आत एकटा आला आणि म्हणाला, “बाई, आमच्या दादाला गप्प राहायला शिकवा.”

साखरपुडा ठरला होता. मुलाकडचे घाटकोपरचे, शिंदे, मूळ साताऱ्याचे. मुलाचे वडील पोलिसातून निवृत्त झालेले हवालदार. यशवंतानं त्यांना भावाच्या आजाराबद्दल सांगितलंच नव्हतं. हात लुळा पडलाय एवढं सांगितलं. आणि बोलणी करायला ते स्वतः का येत नाहीत, असं शिंद्यांनी विचारलं तेव्हा ह्या पठ्ठ्यानं काय सांगावं? “दादांनी मौन धरलंय. मुलीचं लग्न नीट पार पडेपर्यंत.”

मी कपाळावर हात मारला. “अहो, असं कसं सांगितलंत?”

“मग काय सांगू? आमच्या घरात कांदा कांदा करणारा माणूस आहे म्हणून? हवालदार कडक माणूस आहे बाई. घराण्यात वेड आहे म्हटलं की वाट लागली. पोरीचं वय वाढतंय. मला दादाचं वाईट वाटत नाही असं समजू नका.” त्यानं खिशातलं पेन काढून पुन्हा लावलं. “एका संध्याकाळचा प्रश्न आहे. नाहीतर मी त्याला गावी सोडून येतो तोवर. एसटीचं तिकीट काढायच्या आधी म्हटलं तुम्हाला विचारावं.”

आमच्या खोलीच्या दाराला फट होती. बाहेर सगळं ऐकू गेलं होतं. दार ढकलून परब आत आले, मागून सुनंदा. ती पांढरी पडलेली. “काका, मौन?” एवढंच म्हणाली. आणि परब सुरू झाले. मी इतका मोठा कांदो त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. छत हादरलं. एक्स-रेवाला डोकावून गेला. यशवंत “दादा, गप ऱ्हव मरे, लोक बघतत,” म्हणत मागे सरकत होता.

मग अचानक परब शांत झाले. त्यांनी सुनंदाकडे बोट केलं. डावा हात छातीशी नेला, तळव्यात काहीतरी धरल्यासारखा. डोळे मिटले. आणि हळू, लयीत म्हणू लागले, “कांदो, कांदो, कांदो रे कांदो...”

मी घाटावरची, वाईकडची. मला ओ की ठो कळलं नाही. सुनंदानं सांगितलं. “गाऱ्हाणं घालायचंय म्हणतात.”

कोकणात कुठल्याही शुभकार्याला घरातला मोठा माणूस नारळ आणि विडा घेऊन देवापुढे उभा राहतो आणि देवाशी सरळ बोलतो. पोथी नाही, संस्कृत नाही. बा देवा, आज तुझ्या लेकरांनी अमुक कार्य मांडलंय, ते गोड करून घे. प्रत्येक मागण्यानंतर जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, “होय म्हाराजा!” तेच गाऱ्हाणं. परबांचं गाऱ्हाणं भांडुपात नावाजलेलं. पूजा असो, बारसं असो, नवी रिक्षा घेतली असो, लोक त्यांनाच बोलवायचे. आवाज असा की खालच्या नळावरच्या बायका हातातली कळशी ठेवून होय म्हाराजा म्हणायच्या. दुसऱ्यांच्या मुलींसाठी आयुष्यभर गाऱ्हाणी घातली आणि आता स्वतःच्या मुलीच्या वेळी तोंड मिटून बसा, नाहीतर गावी जा, असं भाऊ सांगत होता.

मी यशवंताला म्हटलं, “गप्प बसायला मी कोणाला शिकवत नाही. पण गाऱ्हाण्याचा प्रयत्न करून बघते.”

मला खरंच आशा होती. वाचा गेलेल्या माणसाला बोलता येत नाही पण आरती येते, पाढे येतात, वार म्हणता येतात, असं आम्ही पुष्कळदा बघतो. पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं येतं. शेकडो वेळा घातलेलं गाऱ्हाणं, ते का येणार नाही? आम्ही रोज बसलो. काकी सुरुवात करून द्यायच्या, “बा देवा म्हाराजा,” आणि परब पुढं न्यायचे. लय अचूक. कुठं थांबायचं, कुठं चढवायचं, सगळं बरोबर. पण शब्द? कांदो. मी टेबलावर ठेका धरला, त्यांच्या डाव्या हातावर ठेका दिला, ओठ दाखवले, गाऊन दाखवलं. माझा आवाज बसला. एक ‘देवा’ येईना हो! पुढं सहा-आठ महिन्यांनी ‘नाय’ आलं, नंतर ‘सुनू’ आलं, कधीतरी चुकून एखादी शिवी. तेवढंच. माझ्या हातून जे झालं नाही त्यातली ही एक गोष्ट मला अजून खुपते.

साखरपुड्याआधीच्या शेवटच्या खेपेला मी सगळ्यांना खरं ते सांगून टाकलं. “शब्द येणार नाहीत. आशा ठेवू नका.” यशवंत म्हणाला, “झालं मग. मीच घालतो गाऱ्हाणं. दादा खुर्चीत बसेल.” परब खाली बघत राहिले. कांदोसुद्धा म्हणाले नाहीत.

सुनंदा मला दाराशी म्हणाली, “बाई, तुम्ही या. कोणीतरी आमच्या बाजूचं पाहिजे.” मी म्हटलं, “तुझ्या मनात काय आहे?” ती म्हणाली, “मला लग्न करायचंय बाई. मुलगा चांगला आहे. पण बाबांना लपवून नाही.” आणि डोळे पुसून निघून गेली.

भांडुपच्या चाळीतली दोन खोल्यांची जागा. बाहेरच्या खोलीत सतरंज्या, शिंद्यांची माणसं भिंतीला टेकून ओळीनं बसलेली. मधोमध हवालदार शिंदे, मांडी घालून ताठ, जणू साहेब तपासणीला येणार आहेत. गॅलरीत दाटीवाटीनं कोकणातली शेजारीमंडळी. बायका आतल्या खोलीच्या दारात, मी त्यांच्यात. परब कोपऱ्यात खुर्चीवर, स्वच्छ पांढरा सदरा, तोंड घट्ट मिटलेलं. हवालदारांनी त्यांना नमस्कार केला आणि आदरानं म्हणाले, “मोठं व्रत घेतलंय पाव्हण्यांनी.” यशवंत घाम पुसत हसला.

देवापुढे विडा ठेवला. यशवंतानं नारळ हातात घेतला, घसा साफ केला. “बा देवा...”

काठी वाजली. परब उठले होते. पाय ओढत चार पावलं आले, काठी टाकली आणि डाव्या हातानं भावाच्या हातातला नारळ घेतला. यशवंत दबक्या आवाजात म्हणाला, “दादा, डाव्या हातान देवाक नारळ? बस, बस मरे.” तेवढ्यात सुनंदा पुढं झाली. नवी साडी, केसात गजरा. तिनं वडिलांचा लुळा उजवा हात उचलला, नारळावर ठेवला आणि खालून आपले दोन्ही हात धरले.

परबांनी डोळे मिटले. “कांदोऽ कांदो कांदो!”

शिंद्यांच्या ओळीत कोणीतरी फिसकन हसलं. हवालदारांची मान झटक्यात वर झाली. यशवंतानं डोळे गच्च मिटले. परबांचा आवाज तिथंच अडला. गाऱ्हाण्याला उत्तर आलं नाही तर गाऱ्हाणं पुढं जातच नाही.

माझ्या शेजारून काकी खणखणीत आवाजात ओरडल्या, “होय म्हाराजा!”

मग गॅलरीतून आवाज आला, पंचवीस-तीस गळ्यांचा एकदम, “होय म्हाराजा!”

परबांचं छाताड फुललं. आणि मग काय सांगू! कांदो कांदो करत ते देवाशी बोलले. विनवलं, आठवण दिली, थोडं दटावलंसुद्धा. मध्ये आवाज मऊ झाला, शेवटचा ओ लांबला, तेव्हा सुनंदानं मान वर करून वडिलांकडे पाहिलं. दर थांब्याला गॅलरी गर्जायची. तिसऱ्या-चौथ्या वेळेला शिंद्यांच्या ओळीतला एक म्हाताराही “होय” म्हणून मोकळा झाला. शेवटचं मागणं त्यांनी डोळे उघडून केलं, यशवंताकडे बघत, हळू आवाजात. तेव्हा गॅलरी गप्प राहिली. यशवंत जमिनीकडे बघत होता.

नारळ देवापुढे ठेवून परब खुर्चीत बसले. हवालदार शिंद्यांनी मांडी मोडली नाही. नुसतं यशवंताकडे वळून विचारलं, “मौन सुटलं वाटतं?”

यशवंत एकदम म्हणाला, “मौन नव्हतंच. अंगावरून वारं गेलं, वाचा गेली. एवढा एकच शब्द उरलाय. मी खोटं बोललो तुमच्याशी.”

“हं. आणि आत्ता जे बोलले ते तुम्हाला कळलं?”

“कळलं.”

“मग सांगा. सगळं सांगा, काय गाळू नका. मी लई जबाब घेतलेत, मला कळतं कोण गाळतंय ते.”

आणि ज्या माणसानं भावाला काही म्हणजे काही कळत नाही असं मला सांगितलं होतं, तो उभा राहून एकेक कांदो उलगडू लागला. आधी मराठीत, मग आपोआप मालवणीत. “म्हणाले, बा देवा, माझ्या चेडवाचा कार्य आज मांडलेला आसा, ता गोड मानून घे. म्हणाले, पावणे घाटावरसून इले, तेंचो मान ऱ्हवांदे. म्हणाले, चेडू माझा एकुलता एक, तेका सुखात नांदूक दे, तेच्या घराक कायएक कमी पडूक देव नको.” तो थांबत नव्हता. सुनंदा भिंतीकडे तोंड करून रडत होती. काकी मान डोलवत होत्या. एकाही ठिकाणी त्यांनी “तसा नाय” म्हटलं नाही.

“आणि शेवटचं?” हवालदारांनी विचारलं. “तुमच्याकडे बघून म्हणाले ते?”

हवालदार वाट बघत राहिले. त्यांना सवय होती.

“ता माझ्यासाठी होता,” तो शेवटी म्हणाला. “घरातलो कोण वाकड्या वाटेन गेलो आसात, तर तेका सरळ वाटेक लाव, बा देवा. तेका टाकू नको. तो आपलोच आसा.” एवढं म्हणून तो मटकन खाली बसला.

हवालदार शिंदे उठले. ते परबांच्या खुर्चीपुढे गेले, हात जोडले, आणि आपल्या सातारी ठसक्यात, कवायतीला द्यावी तशी आरोळी दिली, “होय महाराजा!”

मग बायकोकडे वळून म्हणाले, “बघत काय बसलाय? पोरीला कुंकू लावा.”